सात आवाजांचा शंख

एका राज्यात राजे सिंह होते. सिंहासारखे नव्हेत, सिंहच. चार पायांचे, आयाळीचे, दुपारभर बाभळीखाली झोपा काढणारे. राज्याचे नाव कुणी विचारू नये, कारण त्याला नाव नव्हते. त्याला सीमा होती, आणि सीमा असली की नावावाचून कुणाचे अडत नाही.

त्या राज्याची रीत अशी. भूमी सिंहिणींची, आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला जाई. राजे मात्र बाहेरून येत. दोघे येत, तिघे येत, कधी चौघे. आधीच्या राजांना हुसकावून लावत आणि अंगात बळ असेतोवर राज्य राखत. एकट्याने राज्य राखल्याचे कुणी ऐकले नव्हते. दिवस मावळताना राजे सीमेवर उभे राहून गर्जना करीत, आणि पलीकडच्या रानातले राजे कान टवकारून आवाज मोजीत. आवाज जास्त भरले तर गप्प बसत, कमी भरले तर चालून येत. मोजणी फक्त आयाळवाल्यांची. सिंहिणीची गर्जना छाव्यांना हाक मारण्यापुरती, सीमेवर तिचे काय काम, असे सगळे मानीत, सिंहिणीसुद्धा. आणि नवे राजे आले की ते आधीच्यांचे छावे मारून टाकीत. हीदेखील रीतच होती. तिला रीत म्हणताना माझी जीभ अडखळते, पण म्हणायला हवे.

सीमेवरचे गवत मंतरलेले होते. ओळखीचा वास आला की वाकून वाट देई. अनोळखी कुणी आले की पाते न् पाते धार धरून उभे राही. पण गवताची आठवण तोकडी. राजांनी येऊन अंग घासले नाही, तर ते सगळे विसरून साध्या गवतासारखे लोळत पडे. म्हणून राजांना रोज सीमा चालावी लागे.

त्या वेळी तिथे तीन राजे होते. थोरला वज्रकेसर, त्याचा पाठचा भाऊ भालकेसर, आणि तिसरा खंडपुच्छ. खंडपुच्छ त्यांच्या रक्ताचा नव्हता. शेपटीचा गोंडा गमावलेला हा पोरका सिंह त्यांना भटकंतीत भेटला आणि भावासारखा राहिला. तिघांनी मिळून एक दरी आणि एक माळ राखला होता, आणि छावे सुखाने वाढत होते.

पण वज्रकेसराला डोंगरापलीकडच्या दोन दऱ्या खुणावू लागल्या. तिघांत त्या झेपणाऱ्या नव्हत्या, आणि चौथा भागीदार त्याला नको होता. खरे सांगायचे तर त्याला दुसरा आणि तिसराही नको झाला होता.

हे ओळखले विकटहासाने. विकटहास म्हणजे तरस, जातीचा मांत्रिक; हाडांच्या गुहेत मेलेल्या राजांचे खजिने राखून बसलेला. एका दुपारी दोघे भाऊ सीमा चालायला गेले असता तो वज्रकेसरापुढे आला आणि त्याने एक पांढरा शंख ठेवला.

"हा गळ्यात बांधा, महाराज. फुंकला की सात सिंहांचा आवाज निघेल. मग भाऊ कशाला पोसायचे?"

"किंमत?"

"मी काही घेत नाही. घेईल ते शंख घेईल."

वज्रकेसराने पुढचा प्रश्न विचारला नाही. हाव सुटली की शहाण्याचेही कान मिटतात. त्याने शंख बांधला, संध्याकाळी फुंकला, आणि सात आवाजांनी डोंगर हादरला. दुसऱ्या दिवशी त्याने दोघा भावांना हद्दपार केले. महिनाभरात डोंगरापलीकडच्या दोन्ही दऱ्या त्याच्या झाल्या. तिथल्या राजांनी सात आवाज मोजले आणि न लढता पळ काढला.

आता ऐका शंखाची किंमत. पहिल्या संध्याकाळी एका छाव्याचा आवाज गेला. पुढच्या वेळी दुसऱ्याचा. आधी कुणाच्या लक्षात आले नाही. पोर गप्प असले की आईला आधी बरेच वाटते. मग सोनसळीचा कुसळ मुका झाला.

सोनसळी ही दरीतली सिंहीण, शिकारीत सगळ्यांच्या पुढे आणि बोलण्यात कुणाची भीडभाड न ठेवणारी. कुसळ तिचा एकुलता छावा. सतत अंगाला चिकटलेला, म्हणून ते नाव. एका दुपारी तो उंच गवतात चुकला. हाक मारायला आवाज नव्हता. सोनसळीने हाका मारून रान उठवले, पण उत्तर येईना. शेवटी टिटवीने वरून पाहिले आणि ओरडून जागा दाखवली. तेव्हा तो तोंड उघडून आईला हाका मारत होता आणि त्यातून नुसता वारा येत होता. ते पाहून सोनसळीच्या काळजाचे पाणी झाले. पण ती रडली नाही, तडक राजाकडे गेली.

वज्रकेसर सीमेवरून येऊन पडला होता. तीन दऱ्यांची सीमा एकट्याने चालून त्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

"महाराज, तो शंख काढा. तो आमच्या पोरांचे आवाज पितो."

"मला कळले आहे," वज्रकेसर म्हणाला. "पण उत्तरेच्या खिंडीत पाच भाऊ टपून आहेत. शंख वाजला नाही तर ते येतील, आणि सगळे छावे मारतील. मुके पोर हवे की मेलेले? निवड."

"मी निवडणार नाही," सोनसळी म्हणाली. "दोन्ही संकटे तुम्हीच आणलेली. मला माझे पोर हवे, आवाजासकट."

"तिसरी वाट नाही."

"मग मी पाडीन."

ती परत आली आणि टिटवीला विचारू लागली. टिटवीचे काम संध्याकाळचे आवाज मोजण्याचे. सीमेवर राहून तिला मंत्रतंत्राच्या बऱ्याच गोष्टी ठाऊक झाल्या होत्या, आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही अशी तिला खोड होती.

"शंख दाताने फुटणार नाही, दगडाने फुटणार नाही," टिटवी म्हणाली. "तो खोटे सात आवाज काढतो. एकाच सीमेवर सात खरे गळे आपल्या मर्जीने उठले, तरच तो फुटेल. तीन कामे कर, बाई. भालकेसराला आण. खंडपुच्छाला आण. आणि वज्रकेसराला स्वतःच्या गळ्याने गरजायला लाव."

"हे तीनच झाले. बाकीचे चार?"

"मी मोजते फक्त. आणायचे कुठून ते मला विचारू नकोस."

सोनसळीने कुसळला बहिणींच्या हवाली केले आणि निघाली.

भालकेसर मिठागराच्या काठी राहत होता. तिथे शिकार नव्हती, सावली नव्हती, तरी तो रोज संध्याकाळी कुणाचीच नसलेली सीमा चालत होता. सवय जात नाही.

"दादाने बोलावले असेल तर येतो," तो म्हणाला.

"त्यांनी नाही, मी बोलावते आहे. भूमी कुणाची? त्यांची की आमची?"

"तुमची," भालकेसर म्हणाला. "पण गवत मला विसरले असेल. कापून काढील."

त्याचे खरेच होते. सीमेशी येताच पाती धार धरून उठली. सोनसळीने आपला गाल त्याच्या गालावर घासला, मान मानेवर घासली, जशी सिंहीण आपल्या माणसाला भेटते तशी. मग ती पुढे झाली. गवत वाकले, आणि नुसते वाकले नाही, जमिनीला टेकले. राजांसाठी ते एवढे कधी वाकले नव्हते. भालकेसर पाहत राहिला, आणि सोनसळीही.

मग दोघे हाडांच्या गुहेकडे गेले. खंडपुच्छ तिच्या दारात होता. उपासमारीने त्याने विकटहासाचे उष्टे खाल्ले होते, आणि जो ते खाई त्याच्या तोंडून तरसाचे हसू फुटे. तो धड बोलू शकत नव्हता. दर दोन शब्दांमागे खिदळत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"मला नेऊन, हीही, काय कराल? माझी गर्जना, हीही, गेली."

"उष्ट्याने गेली ती स्वतःच्या शिकारीने येईल," सोनसळी म्हणाली. "ऊठ."

तिघांनी मिळून रानरेडा घेरला. खंडपुच्छाला पळवत नव्हते. दोनदा तो पडला, दोनदा सोनसळीने त्याला शिव्या घालून उठवले. त्या शिव्या मी इथे सांगत नाही. शेवटी त्यानेच रेड्याचा गळा धरला. पहिला घास पोटात गेला, तो एकदा हसला, आणि मग जी गर्जना निघाली तिने गुहेतली हाडे खडखडली. आत बसलेला विकटहास मात्र ओठ चाटत होता. दोन कळप भिडले की मेजवानी कुणाची, हे त्याला ठाऊक होते.

राहिले तिसरे काम. तिघे दरीत पोचले तेव्हा ऊन कलले होते. भावांना पाहून वज्रकेसर उठला नाही.

"महाराज, आज स्वतःच्या गळ्याने गरजा," सोनसळी म्हणाली. "एवढेच मागते."

वज्रकेसर उभा राहिला. त्याने छाती भरून घेतली, जबडा उघडला, आणि काहीच आले नाही. कुसळच्या तोंडून येत होता तसाच नुसता वारा आला.

"बोलता येते तेवढेच उरले आहे," तो हळूच म्हणाला. "शंखाने पहिली गर्जना माझीच घेतली. इतके दिवस लपवले."

सोनसळीला त्याचा राग आला, आणि त्याची कीवही आली. दोन्ही तिने गिळले, कारण तेवढ्यात टिटवी केकाटत खाली आली. "खिंडीतले पाच जण येत आहेत. उत्तरेच्या गवतावर किती दिवस कुणी फिरकले नाही. ते लोळत पडले आहे."

सगळे उत्तरेला धावले. सिंहिणी छाव्यांना मध्ये घेऊन मागे आल्या. पलीकडे पाच सिंह उभे होते, काळ्या आयाळींचे, एका आईचे. पुढचा म्हणाला, "रोज सात आवाज ऐकतो. आज सीमा हुंगली, तर पावलांच्या खुणा एकाच राजाच्या. सातांचे पाय कुठे आहेत?"

वज्रकेसराने शंख तोंडाला लावला. सोनसळीने त्यावर पंजा ठेवला.

"आज नाही."

"वाजवला नाही तर पोरे मरतील."

"वाजवला तरी आता कोण फसणार आहे? खाली ठेवा."

त्याने शंख गळ्यातून काढून खाली ठेवला. राजाने कुणाचे ऐकण्याची ती त्या राज्यातली पहिली वेळ असावी.

भालकेसर गरजला. त्याच्यामागून खंडपुच्छ गरजला.

"दोन," पाच जणांतला पुढचा म्हणाला, आणि पाचही एक पाऊल पुढे आले.

सोनसळीने कुसळकडे पाहिले. तो तोंड उघडून तिला हाक मारत होता. ती सीमेवर आली, गवतात चारही पाय रोवले, आणि गरजली. ती छाव्याला मारलेली हाक नव्हती. ही भूमी माझी, माझ्या आईची, इथे उभे राहायचे तर मला विचारून, असे त्या गर्जनेत होते, आणि ते पलीकडच्या खडकालाही समजले. गवत ताठ उभे राहिले.

"तीन," टिटवी ओरडली.

मग सोनसळीची बहीण पुढे आली. मग दुसरी. मग म्हातारी मावशी, जिला दात उरले नव्हते, पण घसा शाबूत होता.

"चार. पाच. सहा."

"थांबा," पुढचा सिंह म्हणाला. "सिंहिणींची गर्जना मोजत नसतात. रीत नाही."

"मग मोजू नका," सोनसळी म्हणाली. "चालून या."

तो आला नाही. मागून एक तरणी सिंहीण गरजली, टिटवी "सात" म्हणाली, आणि जमिनीवरचा शंख तडकून त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. पण गर्जना थांबल्या नाहीत. आठवी आली, नववी आली, आणि दहावी वज्रकेसराची होती. फाटकी, गंजलेली, पण त्याची स्वतःची. टिटवीने मोजणे सोडून दिले. पाच भावांनी एकमेकांकडे पाहिले. गवताची धार पाहिली, दात नसलेल्या मावशीकडे पाहिले, आणि आल्या वाटेने परत गेले. टेकडीवर मेजवानीची वाट पाहत बसलेल्या विकटहासाचे हसू घशात अडकले आणि त्याला उचकी लागली. ती अजून थांबलेली नाही.

धूळ बसल्यावर वज्रकेसर मान खाली घालून सिंहिणींपुढे आला.

"मी जातो," तो म्हणाला.

"जायचे नाही," सोनसळी म्हणाली. "ज्या दोन दऱ्या तुम्ही फसवून घेतल्या, त्या तिथल्या सिंहिणींना परत. उरलेली सीमा तिघांना दिवसभरात चालता येईल एवढीच. उत्तरेची बाजू सगळ्यांत लांब आणि काटेरी आहे. ती तुमची, रोज."

"रोज," वज्रकेसर म्हणाला. भालकेसराने त्याच्या खांद्याला खांदा घासला, खंडपुच्छाने तोडकी शेपटी हलवली, आणि तिघे उत्तरेकडे चालू लागले. राज्य पूर्वीएवढे झाले, आणि त्यात सगळे मावले.

कुसळ आईच्या पायात घुटमळत होता. त्याने तोंड उघडले. आवाज आला, बारीक, दाराची बिजागरी कुरकुरावी तेवढा. सोनसळी मटकन खाली बसली आणि त्याला चाटत राहिली.

त्या राज्यात अजूनही दिवस मावळताना सीमेवर गर्जना होते, आणि आता आयाळ आहे की नाही हे कुणी पाहत नाही. टिटवी मोजते. मोजून झाले की ती थोडा वेळ थांबते, बिजागरीएवढा तो बारीक आवाज आला की एक वाढवते, आणि मगच झोपायला जाते.