वैदूमाशांचा वंश

एका राज्यात राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत असत. तिथल्या पुष्कराक्ष राजाने कालदंष्ट्र मांत्रिकाला आपली बहीण वेत्रवती देण्यास नकार दिला. मांत्रिकाने मूठभर मीठ फुंकले आणि राजाचा प्रचंड हेकरू मासा झाला. रक्तपिपासू किडे त्याच्या जबड्याला डसले.

“राजवाड्यात जन्मलेला वैदूमासा हे किडे वेचील, तेव्हाच हा माणूस होईल,” मांत्रिक हसला. “आणि वैदूमासा राजवाड्यात जन्मत नसतो!”

वैदूमासा म्हणजे बोटाएवढा निळा जीव. मोठ्या माशांपुढे नाचतो, त्यांच्या जबड्यात शिरतो, किडे खाऊन त्यांना बरे करतो.

वेत्रवतीने पोवळ्यांच्या खडकांतून एक नर आणि त्याच्या माद्या आणून राजवाड्यातल्या दगडी हौदात सोडल्या. मांत्रिकाने बगळा होऊन नर गिळला.

तोच काठावरचा खंड्या पक्षी बोलला, “राजकन्ये, थोरल्या मादीकडे पाहा.”

थोरली ऐटीत गस्त घालू लागली होती. पाहता पाहता तीच नर झाली!

पण अंडी होईनात. खंड्या म्हणाला, “ओहोटी लागली की यांची जोडी वर झेपावते. तुझ्या हौदात ओहोटी कुठली?”

वेत्रवतीने स्वतः पहार उचलली, भिंत फोडली, भगदाडाला रेशमी जाळी लावली. समुद्र हौदात येऊ-जाऊ लागला. सांजवेळी जोडी बाणासारखी वर सुटली आणि पाण्यात अंड्यांचा धुरळा उडाला!

पिल्ले निघाली ती पापणीच्या केसाहून बारीक. पीठ घातले, खाईनात. पटापट मरू लागली.

“इवल्या तोंडाला इवला जिवंत घास हवा,” खंड्या म्हणाला.

वेत्रवती कमरेइतक्या समुद्रात उतरली. शेल्याने पाणी गाळून डोळ्यांना न दिसणारे जीव हौदात ओतत राहिली. खाऱ्या पाण्याने तळवे फुटले, तरी थांबली नाही. अखेर एक पिल्लू जगले, वाढले, निळे झाले.

ते ओंजळीत घेऊन ती पायरीवर आली. राजा आता माणूसपण विसरला होता. दिसेल ते गिळत होता. पिल्लू त्याच्यापुढे नाचू लागले. जबडा उघडला. पिल्लू आत शिरले. जबडा मिटू लागला!

“दादा!” वेत्रवती ओरडली.

जबडा थबकला. हळूहळू पुन्हा उघडला आणि उघडाच राहिला. पिल्लाने शेवटचा किडा वेचला मात्र, पायरीवर निथळत पुष्कराक्ष उभा राहिला. कालदंष्ट्राची विद्या त्याच क्षणी फेसासारखी विरली.

राजाने बहिणीचे फुटलेले तळवे कपाळाला लावले. “वेत्रे, आजपासून सिंहासनावर आपण दोघे.”

“आधी पाण्याकडे बघ, दादा.”

दूरदूरचे आजारी मासे पायरीशी रांगेत थांबले होते, तोंडे उघडून. आणि ते निळे पिल्लू लगबगीने कामाला लागले होते.