टिटवेराव आणि भोपळ्याचा सामना

त्या राज्याइतकं अकलेचं राज्य पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नव्हतं. म्हणजे वस्ती सगळी रेड्यांची होती, आणि पृथ्वीची पाठ त्यांच्यातल्या एकानंही पाहिली नव्हती. पण तेवढं सोडलं तर राज्य अकलेचंच.

पिकं निघाली की तिथं भोपळ्याचा सामना व्हायचा. मैदानाच्या मधोमध गाडीच्या चाकाएवढा भोपळा ठेवायचा, दोन कळपांनी दोन्हीकडून डोकी लावायची, आणि सूर्य बुडायच्या आत जो कळप भोपळा समोरच्यांच्या बाजूच्या ओढ्यात ढकलेल त्यानं वर्षभर मिरवायचं. रेड्यांकडे जोर उदंड, पण डोकं फक्त लावण्यापुरतं. म्हणून प्रत्येक कळप एक टिटवा पदरी ठेवी. बांधावर उभं राहून ओरडायचं, हे त्याचं काम. जिंकलं तर हार रेड्यांच्या गळ्यात. हरलं तर टिटव्याला शेपट्यांनी झोडपत शिवेबाहेर काढायचं, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या कळपानं "अनुभवी आहे हो!" म्हणत त्याला वाजतगाजत आणायचं.

टिटवेराव या धंद्यात म्हातारे झाले. एकेक करत सगळ्या कळपांनी त्यांना वाजतगाजत आणलं आणि झोडपून काढलं. पिसं झडली, आवाज तेवढा पितळी राहिला. शेवटी उरला खालच्या कुरणाचा कळप. त्याचा पुढारी डोंगऱ्या सामन्याच्या सकाळी म्हणाला, "राव, आज भोपळा ओढ्यात दिसला पाहिजे. नाहीतर तुम्हाला घ्यायला आता उरलंय कोण?"

टिटवेराव बांधावर चढले. सामना सुरू होताच ते नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडले, "डावीकडे!"

त्यांचे रेडे डावीकडे झुकले. समोरचे, वरच्या कुरणाचे, तेही आपापल्या डावीकडे झुकले. तेही कधीकाळी याच हाकांवर वाढलेले, आणि त्यांच्या टिटव्याची हाक या पितळी आवाजापुढे ऐकूच येईना. भोपळा जागच्या जागी गरगरला.

"दाबा!"

दोन्हीकडून दाबला. भोपळा तसूभरही हलला नाही.

"दम घ्या!"

दोन्ही कळप खाली बसून रवंथ करू लागले.

"अहो, जरा चोच मिटा," बांधावर शेजारीच बसलेली टिटवेरावांची बायको, टिटवी म्हणाली.

"वा! गप्प बसायला ठेवलंय होय मला?" म्हणत त्यांनी आणखी घसा ताणला.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा कुठं डोंगऱ्याच्या टाळक्यात उजेड पडला. "अरे, हा एकटाच दोघांना नाचवतोय! हाकला याला!"

दोन्ही कळप शेपट्या उगारून बांधावर चालून आले. टिटवेरावांचं धाबं दणाणलं, पण जन्माची खोड, तोंडातून गेलंच, "उजवीकडे! पळा!"

सगळे रेडे उजवीकडे वळले आणि जे पळाले ते ओढ्यापार, टेकाडापार. मागं धुरळा उरला.

टिटवेरावांनी उरलीसुरली पिसं फुलवली. "पाहिलंस? सगळं राज्य माझ्या शब्दावर पळतं! आहे कुणाची छाती मला हाकलायची?"

टिटवी बांधावरून उतरली, तुरुतुरु चालत मैदानाच्या मधोमध गेली आणि भोपळ्यावर चोचीनं टकटक केलं.

"अहो, अर्धा सूर्य अजून वर आहे. या, लावा डोकं."