पडण्याआधीची परवानगी

विमा कंपनीचं पत्र तीनच ओळींचं होतं. आपली मुलगी मुक्ता हिच्या हाताच्या ऑपरेशनसाठी अठ्ठेचाळीस तास आधी परवानगी घेतलेली नाही, सबब दावा नामंजूर.

कावेरी बामणेने ते दोनदा वाचलं. सात वर्षांची मुक्ता सकाळी आठला दारातल्या बर्फावरून घसरली, कोपराचं हाड मोडलं, आणि दहाला ती ऑपरेशनच्या टेबलावर होती. अठ्ठेचाळीस तास आधी ती सोफ्यावर बसून निवांत पोहे खात होती.

खरी धास्ती पुढचीच होती. तीन आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन करून हाड जुळवायला हातात घातलेल्या तारा काढायच्या होत्या, नाहीतर हात वाकडाच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि पहिल्या ऑपरेशनचे पैसे मिळाल्याशिवाय इस्पितळ दुसऱ्याची तारीख देईना.

बामणे कुटुंबाला कवठेमहांकाळहून अमेरिकेतल्या ओहायोत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हणमंत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. विमा कारखान्यानेच काढून दिलेला.

"अहो, दर महिन्याला तुमच्या पगारातून पैसे कापतात ना?" कावेरीने विचारलं.

"कापतात. पण आजारी पडलं की आधी ठरावीक रकमेपर्यंत आपणच भरायचं. ती संपली की कंपनी भरते. सगळं नाही, थोडं. तेही डॉक्टर त्यांच्या यादीतला असेल तर."

"म्हणजे खानावळीचे पैसे भरायचे, डबा घरूनच न्यायचा, आणि डबा संपला की खानावळवाला पापड वाढणार. तोही त्याच्या पसंतीच्या टेबलावर बसलो तर."

"पापड मिळेलच असं नाही," हणमंत प्रामाणिकपणे म्हणाला.

कावेरीने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणी ऐकवल्यावर ब्रेंडा नावाची बाई बोलायला आली. आवाज अगदी मधाळ.

"पडण्याआधीच्या तारखेची परवानगी आणा, मी आत्ता मंजूर करते."

"पण मुलगी पडणार हे आधी कळणार कसं?"

"ते नियमात लिहिलेलं नाही, मॅडम. आणखी काही मदत करू?"

"अजून पहिलीच व्हायची आहे," असं म्हणून कावेरीने फोन ठेवला.

कावेरी द्राक्षबागायतदाराची लेक. गारपिटीनंतरचे पंचनामे बघत मोठी झालेली. विम्याचे नियम करणारे स्वतः ते कधी शेवटपर्यंत वाचत नाहीत, हे तिला लहानपणीच कळलं होतं. कंपनीचं एकशे ऐंशी पानांचं नियमांचं पुस्तक घेऊन ती दोन दुपारी बसली. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरांत होतं: सभासदाला परवानगीसाठी कितीही अर्ज करता येतील, आणि प्रत्येक अर्जाला कंपनीचा डॉक्टर तीन दिवसांत लेखी उत्तर देईल. कावेरीला हसू फुटलं.

त्याच दिवशी तिने नऊ अर्ज धाडले. शुक्रवारी जिन्यावरून घसरण्याची शक्यता, डावा घोटा. शनिवारी हणमंत बर्फ उपसणार, कंबर. रविवारी फोडणीतली मोहरी डोळ्यात उडण्याची शक्यता, कोणता डोळा ते नक्की नाही, सबब दोन्हींची परवानगी असावी.

संक्रांतीचे दिवस होते. शनिवारी कावेरीने घरी हळदीकुंकू ठेवलं. आलेल्या बहुतेक बायकांचे नवरे त्याच कारखान्यात, त्यामुळे विमाही तोच. चाळीस जणींची ओटी भरून झाल्यावर तिने प्रत्येकीच्या हातात वाण ठेवलं: कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि एक पेन.

"स्टीलची वाटी तरी द्यायचीस गं," कांबळेकाकू म्हणाल्या.

"वाटीने काय होणार, काकू? मंगळवारी तुम्ही पुरण वाटणार ना? हात मुरगळला तर? लिहा."

काकूंनी तिथेच बसून सहा अर्ज लिहिले. त्यांच्या गुडघ्यांबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं.

दहा दिवसांत कंपनीकडे अडीच हजार अर्ज जमले. डॉक्टर जेवण सोडून उत्तरं लिहायला बसले. एकाने सुट्टी मागितली, दुसऱ्याने राजीनामा दिला. ही माहिती कोणी दिली, असा एक रकाना अर्जात होता. त्यात सगळ्या बायकांनी इमानदारीने एकच नाव लिहिलं होतं. कंपनीचे सर्वेसर्वा हॅडलीसाहेब यांनी कावेरीला बोलावणं धाडलं.

हॅडलीसाहेब म्हणजे उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा माणूस. समोर अर्जांची रास. कावेरी मुक्ताला बरोबर घेऊन गेली होती. तिचा हात गळ्यातल्या झोळीत होता.

"हा काय चावटपणा आहे?" साहेब कडाडले.

"तुमचाच नियम आहे, साहेब. पडायच्या अठ्ठेचाळीस तास आधी विचारा म्हणालात. आम्ही विचारतोय."

"ही बाई लिहिते, मंगळवारी पुरण वाटताना हात मुरगळेल!"

"मुरगळला का?"

"नाही मुरगळला!"

"मग तुमचे पैसे वाचले. ती खबरदार राहिली."

साहेबांनी रागाने मूठभर अर्ज उचलले आणि टेबलावर आपटले. "अहो बाई, माणूस कधी पडणार हे आधी कोणाला तरी कळतं का?"

कावेरीने पिशवीतून मुक्ताच्या नामंजूर दाव्याचा कागद काढला, साहेबांपुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"आत्ता बोललात तेवढंच वाक्य इथे लिहा, साहेब. आणि खाली सही करा."

साहेबांनी कागद पाहिला. मुक्ताच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते इतके मोठ्याने हसले, की बाहेरची सेक्रेटरी दार उघडून आत डोकावली.

त्यांनी वाक्य लिहिलं, सही केली, आणि अपघाताला आधी परवानगी लागणार नाही असा हुकूम त्याच कागदामागे खरडला. मग स्वतःच इस्पितळात फोन लावून मुक्ताच्या ऑपरेशनसाठी सोमवारची तारीख घेतली.

"आता तुम्हाला काय देऊ? मागा," साहेब डोळे पुसत म्हणाले.

"पहिल्या घंटीला फोन उचलणारा एक माणूस द्या."

असा माणूस सगळ्या कंपनीत शोधून सापडेना. शेवटी हॅडलीसाहेबांनी स्वतःचा नंबर लिहून दिला.