दस्तगीर मिस्त्रीनं धरलेली वायर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. विचारलंत तर शेळवण्याची माणसं बोटं मोजतील आणि दर वेळी वेगळा आकडा सांगतील. तेव्हा गावात सगळी मिळून दोनच इंजिनं होती. एक भाताच्या गिरणीचं आणि दुसरं तातोबाच्या जीपचं. या दोन्ही इंजिनांचं दुखणंखुपणं बघणारा माणूसही एकच, दस्तगीर मिस्त्री. फणशी घाटाच्या पायथ्याला, ओढ्याच्या अलीकडं, त्याची पत्र्याची शेड होती.

मिस्त्री गाडीला लगेच हात लावायचा नाही. आधी तो गाडी जागेवर चालू ठेवायला सांगायचा, मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "उभ्या गाडीचं ऐकायचं," तो म्हणायचा. "पळताना तिला लपवायला येतंय." तो ऐकत असला की ओढ्याकाठचे बेडूकसुद्धा गप्प बसायचे, असं म्हणतात. मग तो डोळे उघडून सांगायचा, दुसरा प्लग मेलाय, नाहीतर पॉइंट जळालेत, नाहीतर पेट्रोलबरोबर वारा ओढतीय. ते तसंच निघायचं. एकदा तर म्हणे तातोबाची जीप घाटाच्या तिसऱ्या वळणावर असतानाच मिस्त्रीनं शेडीत बसल्या बसल्या तिचा पट्टा ढिला झाल्याचं ओळखलं आणि गाडी दारात यायच्या आत पान्हा काढून ठेवला.

तातोबा माणूस वाईट नव्हता. पण त्याला एक खोड होती. कसलंही दुखणं सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं: चालतंय की. चप्पल तुटली, चालतंय की. छप्पर गळतंय, चालतंय की. अशी माणसं आपल्यातही पुष्कळ आहेत, नावं घेत नाही, काही जण समोरच बसलेत.

तर एका सकाळी मिस्त्रीनं जीपचं बॉनेट उघडलं आणि त्याचं तोंड उतरलं. कॉइलमधून इंजिनाकडं करंट नेणारी एक जाड वायर असते. ती उंदरानं कुरतडली होती. वर डायनामो नीट भरत नव्हता, त्यामुळं बॅटरी अर्धमेली. मिस्त्री म्हणाला, "तातोबा, दोन दिवस गाडी हितं ठेव. शहरातनं नवी वायर मागवतो. ही कवा दगा देईल, सांगता यायचं न्हाई."

"उद्या बाजार हाय मिस्त्री. चिकटपट्टी मारा. चालतंय की."

"चिकटपट्टी मी मारणार न्हाई."

"मग मी मारतो." आणि तातोबानं खरोखरच स्वतः चिकटपट्टी गुंडाळली, मिस्त्रीच्या देखत. जाता जाता वर म्हणाला, "तुमचं वय झालंय. कान वाजाय लागल्यात तुमचे." शेडीत चारचौघं बसली होती, ती हसली. मिस्त्री हात पुसून आत गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. तातोबा शेडीवरून जाताना मान दुसरीकडं वळवायचा आणि मनातल्या मनात स्वतःलाच सांगायचा, बघ, पळतीय की नाही गाडी.

तीन आठवडे पळाली.

मग एके दुपारी तातोबाची बायको आक्काताई गुरांना टाकायला गंजीतून गवत उपसत होती. गवतात नाग होता. त्यानं तिच्या मनगटाला दंश केला. तातोबा परसातनं धावत आला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती आणि एवढंच म्हणाली, "तुमची भाकरी झाकून ठिवलीया." तेवढ्यात तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. सापाचं इंजेक्शन तालुक्याच्या दवाखान्यात, दवाखाना घाटापल्याड, आणि घाटाला अठरा वळणं. त्यानं तिला उचलून जीपमध्ये आडवं केलं. आई बायजाबाई मागं बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. जीप सुटली आणि ओढ्याच्या पुलावर, घाट लागायच्या तोंडाला, गचका खाऊन बंद पडली.

तातोबानं बॉनेट उघडलं. चिकटपट्टी वितळून काळी झाली होती आणि वायर मधोमध तुटली होती. त्याला कुणाला हाक मारायची ते माहीत होतं, पण तोंड उघडेना. कुठल्या तोंडानं मारायची?

हाक मारावी लागलीच नाही. मिस्त्री शेडीकडून पळत येत होता, एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात सायकलची जुनी ट्यूब. गाडी बंद पडायच्या आधीच तो शेडीतून उठला होता, असं म्हणतात.

त्यानं आत वाकून आक्काताईकडं पाहिलं. मागच्या भांडणाचा शब्द काढला नाही. "बॉनेट काढून फेक," म्हणाला. वायरची दोन्ही टोकं सोलून त्यानं एकमेकांत पिळली, वर ट्यूबचं रबर गुंडाळलं. पण वायर जळून आखूड झाली होती, ताण बसला की सुटणार, आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकली की करंट तिकडंच पळणार. आता गाडीतलं कळणारा कुणी म्हणेल, एका प्लगची वायर काढून का नाही जोडली? जोडली असती. पण मग चार सिलिंडरांची गाडी तीन पायांवर उभी राहिली असती, आणि तीन पायांवर फणशी घाट चढत नाही.

मिस्त्री डाव्या मडगार्डवर बसला. "मला बांध," म्हणाला. तातोबानं बैलाच्या कासऱ्यानं त्याला बांधलं. मिस्त्रीनं डाव्या मुठीत वायर धरली, लोखंडापासून वर उचलून, आणि उजव्या हाताचं बोट कार्बोरेटरच्या दांडीवर ठेवलं.

"हॉर्न वाजवायचा न्हाई. बॅटरीत जेवढा करंट हाय तेवढा ठिणगीला लागल. मार हँडल."

तातोबानं पुढून हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी इंजिन धडधडलं, आणि त्याबरोबर मिस्त्रीचा अख्खा देह थरथरला. पण मूठ सुटली नाही.

गाडी चढायला लागली. वळणावर समोरून कोण येतंय कळायला हॉर्न नाही, म्हणून बायजाबाई हॉर्न झाली. जन्मात जिनं चारचौघांत मोठ्यानं शब्द काढला नव्हता, ती प्रत्येक वळणावर "व्हा बाजूला" म्हणून अशी ओरडायची, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करून बघायची. आणि प्रत्येक वळणावर तातोबा विचारायचा, "मिस्त्री, धरलंय न्हवं?"

"धरलंय. चल."

आठव्या वळणावर लाकडं भरलेला ट्रक आडवा आला. तो मागं सरेपर्यंत जीपला थांबणं भाग होतं. थांबली तशी इंजिनाचा ठेका चुकायला लागला. बॅटरी आता संपत आली होती. गाडी एकदा बंद पडली की पुन्हा उठणार नव्हती. मागं आक्काताईचे डोळे मिटलेच होते, पण कान जागे होते. ती पुढं जन्मभर सांगायची, "मला दुसरं काय ऐकूच येत नव्हतं. इंजिनाचा ठोका तेवढा ऐकू येत होता. तो चुकला की वाटायचं, गेले. परत लागला की वाटायचं, हाय अजून." मिस्त्रीनं दांडीवरचं बोट केसभर इकडं, केसभर तिकडं केलं. एवढ्या थरथरीत ते बोट मात्र स्थिर होतं. ठेका सावरला. ट्रक सरकला.

"धरलंय न्हवं, मिस्त्री?"

"धरलंय. चल."

पंधराव्या वळणावर तातोबानं विचारलं आणि उत्तर आलं नाही.

त्यानं पुन्हा विचारलं. मिस्त्रीची मान छातीवर पडली होती. थांबावं तर बायको जाईल, न थांबावं तर हा माणूस जाईल. तातोबाचा पाय ब्रेकवर गेला, परत आला. इंजिन चाललं होतं ना? मग मूठ मिटलेली होती. एवढ्यावर भरवसा ठेवून तो चालवत राहिला, आणि रडत रडत प्रत्येक वळणावर विचारत राहिला. उत्तर येत नव्हतं तरी विचारत राहिला.

गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. आक्काताईला आत नेलं, इंजेक्शन टोचलं. इकडं दोघा कंपाउंडरांनी कासरा सोडला आणि मिस्त्रीची मूठ उघडायला घेतली. एकेक बोट उकलावं लागलं. काही माणसं सांगतात, मुठीत वायर होती, रबर वितळून तळव्याला चिकटलेली. शेळवण्यात मात्र कुणालाही विचारा, मुठीत काहीच नव्हतं. वायर केव्हाच दरीत पडली होती. शेवटची तीन वळणं करंट त्याच्या अंगातून गेला. आणि शेवटचं बोट उघडलं तेव्हाच इंजिन बंद पडलं, असं म्हणतात. तुम्हाला कुठलं खरं मानायचं ते माना. मी गावाच्या बाजूचा आहे.

मिस्त्री मेला नव्हता. झटक्यांनी त्याचा जबडा धरला होता, म्हणून बोलता येत नव्हतं. संध्याकाळी दातखीळ सुटली. तातोबा उशाशी बसला होता. त्यानं मिस्त्रीच्या पायांवर डोकं ठेवलं. "मिस्त्री, माझं चुकलं. कान वाजत्यात म्हनलो मी तुमाला."

"वाजत्यातच की," मिस्त्री म्हणाला. "तुझ्याच गाडीनं वाजवल्यात. वैनी कशा हायत?"

"डोळं उघडलं तिनं."

"मग आता वायर नवी घाल."

बायजाबाईनं तिथंच विचारलं, दस्तगीर म्हणजे काय हो? तो म्हणाला, हात धरणारा. अडलेल्याचा हात धरणारा. बायजाबाई म्हणाली, "ज्यानं नाव ठेवलं, त्यानं बघूनच ठेवलं म्हनायचं." आणि पदरानं डोळे पुसले.

त्याची डावी बोटं पुढं कधी पुरती सरळ झाली नाहीत. तरी वीस वर्षं तो त्याच हातानं गाड्या दुरुस्त करत राहिला. आक्काताईनं मात्र एक नेमच केला. नवऱ्यानं शेडीसमोरच्या पुलावर बॉनेट उघडून प्रत्येक वायर हातानं दाबून बघितल्याशिवाय ती जीपमध्ये पाय ठेवायची नाही. लगीनघाई असो, बाजार असो, ती खाली उभी. आणि तातोबा, तो चालतंय की वाला तातोबा, मुकाट्यानं बॉनेट उघडायचा, डाव्या हातानं वायर दाबायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, धरलंय न्हवं?" मिस्त्री शेडीतून हसत ओरडायचा, "धरलंय. चल."

मग मिस्त्री म्हातारपणानं गेला. शेळवण्यात मुसलमानाचं त्याचं एकच घर, कबरस्तान घाटापल्याड. जनाजा तातोबाच्याच जीपमधून न्यायचा ठरला. सगळा गाव पुलावर जमला. तातोबानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून वायर दाबली आणि सवयीनं विचारून बसला, "मिस्त्री, धरलंय न्हवं?"

इंजिन जागेवर चालू होतं. तातोबा तसाच वाकून उभा राहिला, त्याला वर बघवेना. तेव्हा आक्काताई गर्दीतून पुढं आली. तिनं नवऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "धरलंय. चल."

आता शेळवण्यात पन्नासेक गाड्या आहेत. बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं, वायर दिसतसुद्धा नाही. तरी आजारी माणसाला घेऊन, बाळंतिणीला घेऊन, परीक्षेच्या पोराला घेऊन गाडी निघाली की ड्रायव्हर आधी पुलावर थांबतो. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडतो, सगळे क्षणभर गप्प राहून ठेका ऐकतात, आणि तो झाकणावर डावा हात ठेवून विचारतो, "मिस्त्री, धरलंय न्हवं?" उत्तर ड्रायव्हरनं द्यायचं नसतं, सोबतच्यांनीही नाही. ज्याच्यासाठी गाडी निघाली, त्यानंच द्यायचं असतं. ज्याला बोलवत नाही, त्याचा हात कुणीतरी हातात घेतं आणि त्याच्या वतीनं सांगतं, "धरलंय. चल."