बारा गाड्या अडल्या

भाविकहो, तुळोबा महाराज त्या साली गोदाकाठच्या नांदखेड्याला, खंडोबाच्या देवळात उतरले होते. देवळामागेच कोंडाजी सुताराचं छप्पर. महाराज सकाळची पूजा आटोपली की तिथं जाऊन ढलप्यांच्या ढिगावर खुशाल बसत.

कारण त्या छपराखाली गावानं ओवाळून टाकलेली पोरं जमत. चौदा-पंधरा वर्षांची वयं. लक्ष्यानं शाळा सोडलेली. मारुतीला दुसऱ्यांच्या मळ्यातल्या काकड्या चोरायची खोड. हौशीचा बाप दारू पिऊन मारी, म्हणून ती दिवसभर घाटावर एकटी बसायची. कोंडाजी उपदेश करीत नसे. आल्या पोराच्या हाती रंधा द्यायचा, दुपारी आपल्यातली अर्धी भाकर द्यायची, आणि बोललं तर ऐकायचं. एवढंच त्याचं शास्त्र!

यात एक चौथाही होता. दौलतराव पाटलांचा रघुनाथ! परीक्षेत दोनदा नापास झाला, तेव्हापासून पाटलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो मागच्या दारानं यायचा. ‘आबांना कळू देऊ नका,’ म्हणून त्यानं कोंडाजीला भंडारा उचलायला लावला होता. खंडोबाची शपथ ती; कोंडाजी मोडणार कशी?

चंपाषष्ठी जवळ आली. नांदखेड्यात त्या दिवशी बारा गाड्या एकामागे एक बांधतात, गाव त्यांत चढून बसतं, आणि कमरेला दोर बांधून एकटा मानकरी त्या ओढतो. मान पाटलांचा. पाच दिवसांचा उपास त्यांनी कडक धरला होता. माणूस वाईट नव्हता हो, पण ताठा फार.

ते छपराशी येऊन म्हणाले, “कोंडाजी, लाकडं तासायची सोडून उकिरडा कशाला जमवलास? जत्रेदिवशी ही टवाळ पोरं गाड्यांजवळ दिसली, तर तुझं छप्पर उतरवीन.”

छप्पर गेलं तर लेकरांनी जायचं कुठं? कोंडाजी महाराजांकडे वळला. “महाराज, काय करू?”

महाराज म्हणाले, “तू चाकांना वंगण घाल. बाकीचं मल्हारी बघेल.”

चंपाषष्ठीची दुपार झाली. गाड्या माणसांनी भरल्या, भंडारा उधळला, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर झाला. पाटलांनी दोर बांधला आणि जोर लावला. गाड्या हलल्या नाहीत. पुन्हा जोर लावला. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या, पाय मातीत रुतले, पण चाक तसूभर सरकेना. बायाबापड्यांनी हात जोडले. गाड्या अडणं म्हणजे देवाचा कोप! कोंडाजीनं चोवीस चाकं तपासली. सगळी बोटानं फिरतील अशी मोकळी होती.

पाटील महाराजांपुढं गेले. “महाराज, माझं काय चुकलं? ओझं फार झालं का? थोडी माणसं उतरवू?”

महाराज हसले. “ओझं कमी पडतंय, दौलतराव. देवानं गाव बोलावलं होतं. तुम्ही निवडून माणसं बसवलीत. राहिलेली आणा.”

पाटील स्वतः छपराकडे निघाले, कोंडाजी मागोमाग. आत चार पोरं ढलप्यांत बसून गजर ऐकत होती. पाटलांची नजर चौथ्यावर पडली आणि पाय जागीच थांबले.

“रघू, तू इथं?”

पोरगा उभा राहिला. “आबा, घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. इथं बोलतात.”

पाटलांच्या डोळ्यांना धार लागली. “चल, लेकरा. तुम्ही सगळीच चला. तुमच्याशिवाय देव पुढं जाईना.”

हौशी पहिल्या गाडीत चढली, मागोमाग बाकीची. पाटलांनी दोर नुसता कमरेला लावला, पाऊल टाकलं, आणि काय सांगावं! बारा गाड्या उतारावरच्या पाण्यासारख्या निघाल्या. चार माणसांचा भार वाढला होता, तरी पाटलांना दोर जाणवलासुद्धा नाही. लक्ष्या तर एवढा ओरडला की दोन दिवस त्याचा घसा बसला होता.

देवळापाशी पाटील महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि कोंडाजीकडे बोट दाखवलं. पाटलांनी मुंडासं काढून सुताराच्या धुळकट पायांवर डोकं ठेवलं. कोंडाजी ओशाळला.

“कोंडाजी, या रघूला आता घरी कसा वळवू?”

“वळवू नका, पाटील. उद्या तुम्हीच या.”

दुसऱ्या दिवशी पाटील आले, ढलप्यांत मांडी घालून बसले. रंधा हाती धरला तो उलटा! पोरं खो खो हसली. रघुनाथानं हळूच त्यांचा हात धरून सरळ केला, “असा, आबा,” म्हणाला. आणि पाटील मान खाली घालून लेकाकडून शिकू लागले.