झुबीची शेपटी आणि तेल पिणारी माती

मी एवढीशी होते ना, अगदी तुझ्याएवढी, तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला तेलाचा घाणा होता. लाकडी. मोठ्ठा. बैल गोल गोल फिरायचा. घाणा गोल गोल फिरायचा. कुईं कुर्रर्र! कुईं कुर्रर्र! सगळ्या गल्लीला करडईच्या ताज्या तेलाचा वास यायचा. आता तो घाणा नाही. तो वासही नाही. पण गोष्ट आहे. ती ऐक.

घाण्याजवळ होतं कवठाचं झाड. झाडावर खारीचं घरटं. घरट्यात आई, आईच्या कुशीत दोन तान्ही पिल्लं, आणि थोरली लेक झुबी. झुबीची शेपटी झुबकेदार. शेपटी हलवायची, उडी मारायची. टुणुक टुणुक, थेट घरट्यात!

एका दुपारी झुबी खाली आली. तेलाच्या पातेल्याच्या काठावर करडईचा दाणा दिसला. झुबी वाकली. पाय घसरला. डुबुक!

झुबी कशीबशी बाहेर आली. पण शेपटी? सगळी तेलात. झुबका गेला. उरली ओली दोरी. झुबीने उडी मारली. धप्प! पुन्हा मारली. धप्प!

"आई गं! शेपटी जड झाली!"

आई वरून म्हणाली, "रडू नको, बाळा. पिल्लांना सोडून मला येता येत नाही. पडवीत मुलतानी माती आहे बघ. ती तेल पिते. तिच्याकडे जा."

झुबी निघाली. टुणुक थपक, टुणुक थपक.

"माती माती, तेल पी ना! शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

माती म्हणाली, "तहान तर मला खूप आहे गं. पण मी पडले ढेकूळ. टणक टणक. बत्त्याने कुटलं, भुगा झाला, तर पिईन."

झुबी निघाली. टुणुक थपक, टुणुक थपक.

"बत्त्या बत्त्या, कूट ना! माती पिईना, शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

बत्ता म्हणाला, "मी लोखंडाचा. मला हात ना पाय. चंद्राकाकू उठली, तिने मला उचललं, तर कुटीन."

झुबी निघाली. टुणुक थपक, टुणुक थपक.

घाणा चंद्राकाकूचाच. काकू पाळण्यापाशी बसली होती.

"काकू काकू, ऊठ ना! बत्ता कुटेना, माती पिईना, शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

काकू म्हणाली, "अगं बाई, काय ही दशा! उठले असते गं. पण हौसा रडतेय. ती निजली तर उठेन."

हौसा म्हणजे काकूची तान्ही लेक. इवलीशी. पण आवाज केवढा!

"हौसा हौसा, नीज ना! काकू उठेना, बत्ता कुटेना, माती पिईना, शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

हौसा म्हणाली, "ट्यँहँऽऽ! घाणा थांबला! त्याचं गाणं नाही, तर मला झोप नाही. घाणा फिरला तर निजेन."

झुबी निघाली. टुणुक थपक, टुणुक थपक.

"घाण्या घाण्या, फीर ना! हौसा निजेना, काकू उठेना, बत्ता कुटेना, माती पिईना, शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

घाणा म्हणाला, "मी काय, ओढलं तर फिरतो. हरण्या बैल चालला तर फिरेन."

"हरण्या हरण्या, चाल ना! घाणा फिरेना, हौसा निजेना, काकू उठेना, बत्ता कुटेना, माती पिईना, शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

हरण्याने मान झटकली. "हंबाऽऽ! शिंगामागे गोमाशी चावते. माझी शेपटी तिथे पोचत नाही. गोमाशी उठली तर चालेन."

झुबी हरण्याच्या पाठीवर चढली. टुणुक थपक. मानेवर गेली. टुणुक थपक. शिंगामागे बसली होती गोमाशी. लठ्ठ. हिरवी.

"गोमाशी गोमाशी, ऊठ ना! बैल चालेना, घाणा फिरेना, हौसा निजेना, काकू उठेना, बत्ता कुटेना, माती पिईना, शेपटी सुकेना, आईकडे जाता येईना!"

गोमाशी म्हणाली, "नाही उठत, जा!"

आता मात्र झुबीला राग आला. एवढी वणवण केली, आणि ही म्हणते, जा? झुबी वळली. जड शेपटी गरकन फिरवली.

सट्ट!

गोमाशी उठली. गूंऽऽऽ, पळाली!

बैल चालला. घाणा फिरला. कुईं कुर्रर्र! कुईं कुर्रर्र! हौसाने जांभई दिली. हौसा निजली. काकू उठली. बत्ता उचलला. धुडुम धुडुम! ढेकूळ फुटलं. मातीचा भुगा झाला, पिठासारखा मऊ मऊ.

"लोळ गं बाई!" काकू म्हणाली.

झुबी लोळली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माती तेल प्याली. गट गट गट! पांढुरकी माती पिवळी झाली. झुबीने अंग झटकलं. फुर्रर्र! शेपटी अजून थोडी चिकट होती.

"आणखी एकदा," काकू म्हणाली, आणि नवी माती भुरभुरली.

झुबी पुन्हा लोळली. माती पुन्हा प्याली. गट गट गट! फुर्रर्र!

आणि शेपटी? सुकली! हलकी झाली! फुलली!

झुबी धावली. ना धप्प, ना थपक. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, थेट आईच्या कुशीत! पिल्लं जरा सरकली. आईने शेपटी हुंगली, चाटली, आणि म्हणाली, "आलीस गं माझी राणी!"

खाली काकूने उरलेली माती पाण्यात भिजवली. काय गं तो गार वास! मग तिने आम्हा गल्लीतल्या मुलींना हाक मारली, "या गं साऱ्या! केस धुवायचे ना?" आम्ही ओळीने पायरीवर बसलो. काकू डोक्यावर माती थापायची, चपक चपक. डोकं कसं गारगार व्हायचं! डोळे आपोआप मिटायचे. मग मागून काकू हळूच म्हणायची, "हलू नको हं."

खार गेली घरट्यात, गोष्ट आली पांघरुणात. नीज आता.