कोरडी भिंत

निवृत्तीनंतर डॉ. अच्युत नगरकरांनी घरतपासणीची फ्रँचायझी घेतली. पण चाळीस वर्षं बांधकामशास्त्र शिकवूनही प्रत्येक भिंतीपुढे त्यांना स्वतःचीच शंका येई.

त्या दिवशी शिक्षिका सुमतीबाई आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेत होत्या. त्यांच्या वतीने नगरकरांनी नव्याने रंगवलेल्या भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावताच त्याचा लाल दिवा लागला.

"सर, यंत्राचे सेल गेलेत," बिल्डर धुमाळशेठ हसले. "तुम्ही फळ्यावर खडूनं घरं बांधलीत. भिंत खडखडीत कोरडी आहे."

सुमतीबाई नगरकरांकडे पाहू लागल्या. नगरकरांना पुन्हा स्वतःचीच शंका आली. सेल खरंच गेले असतील तर?

"माझंच चुकत असेल," ते हळूच म्हणाले. "मग शेठ, एक करा. तुमच्या ऑफिसात वडिलांचा फोटो आहे, दुसरी प्रत नाही म्हणालात मघाशी. तो पावसाळाभर या भिंतीवर टांगा. दिवाळीत बाई घर घेतील."

धुमाळांनी फ्लॅटची किल्ली खिशात टाकली.

"हा राहू द्या, बाई," ते म्हणाले. "पलीकडच्या इमारतीतला दाखवतो."

घरी आल्याआल्या नगरकरांनी दिवंगत पत्नीचा फोटो उतरवला आणि मागची भिंत तळहाताने चाचपली. ती कोरडीच लागली. तरी फोटो परत टांगायचा त्यांना धीर होईना.